मला फक्त ठिकाण सांगता येतं

मित्रांनो, वसईजवळच्या पापडी गावातल्या एका निळ्या गाडीच्या स्टिअरिंगखाली, वायरींच्या गुंत्यात, काडेपेटीएवढा एक काळा डबा बांधलेला आहे. तो मी. गाडी चोरीला गेली तर ती कुठे आहे हे मालकाच्या फोनवर कळवणारं यंत्र. लोक मला ट्रॅकर म्हणतात. मी तुम्हाला कधी दिसणार नाही, कारण न दिसणं हेच माझं काम. पण मला ऐकू सगळं येतं. आणि जे ऐकलंय ते आता माझ्या एकट्याच्याने पोटात ठेववत नाही.

माझा जन्म वालीवच्या एका गाळ्यात झाला. शेजारच्या गाळ्यात दिवसभर पत्रा कापायचे. त्या कर्कश आवाजात आर्या नावाच्या मुलीने माझ्या वायरी जोडल्या. मग मला पर्समध्ये टाकून ती रिक्षाने सातिवलीपर्यंत फिरून आली. मी एकेक वळण बरोबर सांगितलं. परत आल्यावर तिने मला एका दिव्याला जोडलं आणि फोनवरून हुकूम दिला, "बंद." मी दिवा तत्काळ बंद केला. "गुणी आहे हा," ती शेजारणीला म्हणाली, "सांगितलं की ऐकतो, उलट प्रश्न नाही." काय सांगू तुम्हाला, मी नुसता फुगलो होतो!

मग मी वसईच्या एका दुकानात येऊन पडलो. काचेच्या कपाटात आम्ही तिघे शेजारी होतो. तिथे एके दिवशी बॅप्टिस्ट आला. सातिवलीच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला, घरची केळीची वाडी बघणारा सरळ माणूस. आयुष्यातली पहिली चारचाकी घेतलेली. फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलेलं, आरशाला रोझरीची जपमाळ लटकलेली, आणि सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. बरोबर त्याची बायको क्लेमेंटीन होती. त्याच आठवड्यात बॅप्टिस्टच्या मेव्हण्याचा, सॅन्टनचा टेम्पो गोदामाबाहेरून चोरीला गेला होता, म्हणून हा माणूस हवालदिल झाला होता.

दुकानदार विघ्नेशने आम्हा तिघांना काउंटरवर मांडलं. पहिला लोहचुंबकाने चिकटणारा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा. दुसरा गाडीच्या सॉकेटमध्ये नुसता खोचायचा. "पण हा चोराला दिसला की उपटून फेकेल," विघ्नेश म्हणाला. मग त्याने मला उचललं. "हा घ्या काका. हा वायरीत लपतो. किल्ली फिरली की तुम्हाला मेसेज. आणि मेन गोष्ट, हा इंजिन बंद करतो. तुम्ही फोनवर बटण दाबायचं. धावत्या गाडीत नाही हं, अपघात होईल. गाडी जरा हळू झाली की खटकन बंद. चोर रस्त्यातच बसला पाहिजे!"

बॅप्टिस्टचे डोळे चमकले. क्लेमेंटीन मात्र पहिल्या डब्याकडे बघत होती. "आपल्याला हा बरा," ती म्हणाली. "गाडी कुठे आहे तेवढं कळलं म्हणजे झालं. बंद कशाला करायची? आत आपलंच माणूस असलं तर?"

"मावशी, आपलं माणूस विचारून नेतं ना!" विघ्नेश हसला. "काका, मी सगळ्यांना एकच सांगतो. आधी बंद करा, मग चौकशी करा."

"ऐकलंस?" बॅप्टिस्ट बायकोला म्हणाला. "आधी बंद, मग चौकशी." आणि त्याने मला निवडलं. क्लेमेंटीनने खांदे उडवले. मला तेव्हा तिचा रागच आला होता, मित्रांनो. आज तिचा तो प्रश्न आठवला की कसंतरी होतं.

आता विघ्नेशला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. बॅप्टिस्टच्या घरी दाराच्या चौकटीला आतून एक खिळा आहे. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून घरातल्या वाहनाची किल्ली त्या खिळ्यावर असते. आधी मोटारसायकलची होती, मग स्कूटरची. आळीत कुणालाही गरज लागली की यायचं, किल्ली काढायची, जायचं. विचारायचं नाही. विचारलं तर बॅप्टिस्टलाच वाईट वाटायचं, "परक्यासारखं काय विचारतोस?" नव्या गाडीची किल्लीही त्याच खिळ्यावर गेली. म्हणजे बघा, चोरासाठी मला आत बांधलं आणि किल्ली मात्र सगळ्यांसाठी टांगून ठेवली. यात काही चुकतंय असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. आळीतल्या हिलरीच्या मुलीला लग्नात चर्चला नेलं ते याच गाडीतून, बॉनेटवर फुलांच्या माळा घालून. शेजारचा व्हॅलेरियन आजारी सासऱ्याला आणायला गेला तोही हीच गाडी घेऊन. प्रत्येक वेळी मी इमानदारीने मेसेज पाठवायचो, 'गाडी सुरू झाली आहे.' बॅप्टिस्ट तो वाचून हसायचा, "नेली असेल कुणीतरी." आणि चारचौघांत फोन काढून माझं कौतुक करायचा. "बघ, बघ, आता पुलावर आहे गाडी!"

पण सॅन्टनचा टेम्पो काही मिळाला नाही. जो तो चोरीच्या बातम्या एकमेकांना पाठवायचा. कुठे काच फोडली, कुठे दारातून गाडी नेली. बॅप्टिस्टचं हसणं हळूहळू कमी झालं. रस्त्यावर हॉर्न वाजला तरी तो खिडकीशी जायचा. तरी किल्ली खिळ्यावरच! ती हलवायची म्हणजे आळीला तोंड कसं दाखवायचं?

आणि मग तो दिवस आला. रविवार होता. चर्चच्या सणाची तयारी चालली होती. मंडपाचं ठरवायला बॅप्टिस्ट चर्चच्या हॉलमध्ये गेला होता. क्लेमेंटीन घरी एकटीच होती. व्हॅलेरियन वाडीतलं केळफूल द्यायला आला तर ती ओट्यावर कलंडलेली, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, चहाचा कप फुटून पडलेला. उजवा हात उचलेना. व्हॅलेरियनने एका क्षणाचाही विचार केला नाही. खिळ्यावरची किल्ली घेतली, तिला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं आणि गाडी इस्पितळाच्या रस्त्याला काढली.

मी मेसेज पाठवला, 'गाडी सुरू झाली आहे.' मित्रांनो, मला एवढंच येतं. गाडीत कोण आहे, का निघालंय, यासाठी माझ्याजवळ शब्दच नाहीत.

हॉलमध्ये काय घडलं ते मला नंतर आळीतल्या एल्रॉयच्या तोंडून कळलं. तो त्या वेळी बॅप्टिस्टच्या शेजारी बसला होता. बॅप्टिस्टने मेसेज पाहिला, घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. कोण उचलणार? "गाडी गेली!" तो ओरडून उठला. नकाशावर माझा लाल ठिपका भराभर सरकत होता. तेवढ्यात फोन वाजला. व्हॅलेरियनचा.

"याला आत्ताच सुचतंय का!" म्हणत बॅप्टिस्टने फोन कापला.

इकडे गाडीत व्हॅलेरियन एका हाताने स्टिअरिंग धरून म्हणत होता, "अरे उचल ना बाबा, उचल!" त्याने पुन्हा लावला. बॅप्टिस्टने पुन्हा कापला, कारण वाजणाऱ्या फोनमुळे त्याला नकाशा दिसत नव्हता. आणि मग त्याने बटण दाबलं.

हुकूम माझ्यापर्यंत आला. मागच्या सीटवर क्लेमेंटीन कण्हत होती. मला ते ऐकू येत होतं. तुम्ही म्हणाल, मग नाही म्हणायचंस. कसं म्हणू? मला 'नाही' शिकवलेलंच नाही. वाड्यांच्या कुंपणांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर गतिरोधक आला, गाडी हळू झाली, आणि मी इंजिन बंद केलं.

व्हॅलेरियन किल्ली फिरवत राहिला. काही होईना. मागे रिक्षा अडकली, पुढून टेम्पो आला, कुणालाच वळता येईना. सगळे हॉर्न वाजवायला लागले. तो खाली उतरला आणि एकटा गाडी ढकलायला लागला. लोकांना हाका मारून त्याचा घसा बसला.

आत क्लेमेंटीन आणि मी, दोघंच. तेव्हा ती बोलली. अडखळत, पण नीट कळेल असं. "बॅप्टिस्टला सांगा, घाबरू नको म्हणावं. मी आहे."

मग स्कूटर आल्या. हॉलमधले सगळे पुरुष, मंडपाच्या काठ्या हातात घेऊन. सर्वांत पुढे बॅप्टिस्ट. "सापडला! पकडा त्याला!" ओरडतच तो आला, आणि घामाघूम झालेला व्हॅलेरियन दिसताच जागच्या जागी थांबला. "फोन का कापलास रे?" व्हॅलेरियन एवढंच म्हणाला. बॅप्टिस्टने मागचं दार उघडलं. मित्रांनो, माणसाचा तसा आवाज मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. त्याने फोनवर शोधाशोध केली, पण इंजिन सुरू करायचं बटण काही केल्या त्याला सापडेना. शेवटी सगळ्यांनी मिळून तिला उचलून मागच्या रिक्षापर्यंत नेलं आणि ती रिक्षा मागे ढकलत गर्दीतून बाहेर काढली.

क्लेमेंटीन वाचली. पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. थोडं लवकर आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. पुढचं बॅप्टिस्टने ऐकूनच घेतलं नाही.

विघ्नेश घरी येऊन माझी इंजिनची वायर कापून गेला. त्याने मान वर करून कुणाकडे पाहिलं नाही. आता मी त्या पहिल्या डब्यासारखाच आहे, क्लेमेंटीनला हवा होता तसा. किल्ली अजून खिळ्यावरच असते. दर आठवड्याला व्हॅलेरियन गाडी चालवतो आणि बॅप्टिस्ट बायकोला इस्पितळात व्यायामाला घेऊन जातो. मागे तिचा हात धरून बसतो. कुणाचाही फोन येवो, पहिल्याच रिंगला उचलतो. चुकीचा नंबर असला तरी म्हणतो, "बोला, मी ऐकतोय."

आणि दर वेळी त्या गतिरोधकापाशी गाडी हळू झाली की तो व्हॅलेरियनला विचारतो, "त्या दिवशी इथे ती काही बोलली का रे?"

"मी बाहेर होतो रे, गाडी ढकलत होतो," व्हॅलेरियन सांगतो. क्लेमेंटीन दोघांकडे बघत राहते. तिचे ओठ हलतात, शब्द येत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरीही उद्या नवी गाडी येईल. माझ्यासारखा कुणीतरी निवडालच. जरूर निवडा. पण माझ्यावर सगळं सोपवून बसू नका. मी थांबवू शकतो, विचारू शकत नाही. विचारायचं काम तुमचं. बटणाच्या आधी वाजणारा फोन उचला, एवढंच हात जोडून मागणं आहे. हात मला नाहीत, तरी.

आत्ताच बॅप्टिस्टने तो प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर मला पाठ आहे. त्यातला शब्द न् शब्द पाठ आहे. मी सगळा जीव एकवटला आणि त्याच्या फोनवर मेसेज पाठवला.

'गाडी पापडी येथे आहे. वेग कमी झाला आहे.'