‘घाबरू नका’ म्हणणारं बटण

मी एफ-वन बोलतोय. कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीत, एस्केपला खेटून बसलेलं बटण ते मीच. एरवी माझ्याकडे कोणी फिरकत नाही. अडलं की मात्र सगळ्यांना मीच आठवतो.

माझा जन्म कारखान्यातला, गरम प्लास्टिकच्या साच्यातला. भावंडं पुष्कळ. कोणाला अक्षर मिळालं, कोणाला आकडा. मला काम मिळालं ते मदतीचं. कोणी दाबलं की मदतीची खिडकी उघडायची. शिवाय माझ्या अंगावर एक बारीक भोंगाही छापला. खालच्या एफएन नावाच्या बटणाबरोबर मला दाबलं तर संगणकाचा आवाज बंद होतो, म्हणून. ते जोडकाम माझ्याकडून कधी कोणी करून घेतलं नाही.

मी आलो तो एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत. फ्रीजमधली कोणती पिशवी कोणत्या गटाची, कोणासाठी राखून ठेवलेली, सगळं सॉफ्टवेअरमध्ये. लोक नको तिथे बोटं घालतात म्हणून पेढीच्या मोठ्या बाईंनी त्याचे वरचे सगळे मेनू झाकून टाकले. मदतीला उरलो मी एकटा. मला दाबलं की बाईंनी सोप्या भाषेत लिहिलेलं पान उघडायचं. प्रत्येक पानाची पहिली ओळ एकच. ‘घाबरू नका.’

ही ओळ सगळ्यात जास्त लागायची ती चिमणीला. चिमणी म्हणजे आमची ऑपरेटर. अंगाने एवढीशी आणि बोलणं भरभर, म्हणून हे नाव. घरी तान्हं बाळ. सासूचा फोन आला की ‘हॅलो’च्या आधी ‘ताप नाही ना?’ विचारायची. हॉस्पिटलचे जंतू घरी जातील याची तिला एवढी धास्ती, की आल्याबरोबर टेबल, फोन आणि आम्हा सगळ्या बटणांना स्पिरिटच्या फडक्याने खसाखसा पुसायची. मला ते आवडायचं. कोणी तोंड पुसून दिल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशीही तिने पुसलं आणि कामाला बसली. दुपारी वॉर्डातली सिस्टर बर्फाची पेटी घेऊन धावत आली.

“चिमणे, ऑपरेशनच्या मुलीला आणखी रक्त लागतंय. ओ निगेटिव्ह दे.”

“एकच आहे, सिस्टर. फ्रीजवाल्या काकांनी मुलीच्या रक्ताशी जुळवूनही ठेवलीय. पण ही राखीव दाखवतेय.”

“कोणासाठी?”

“त्या आजोबांसाठी. ते तर काल घरी गेले.”

“मग सोडव की.”

“कशी सोडवायची ते बघते.” आणि तिने मला दाबलं.

खिडकी उघडली नाही.

पुन्हा दाबलं. मग जोरात. मी खाली जात होतो, वर येत होतो, माझा निरोप आत पोचत होता. पण बाहेर पडत होतं भलतंच. पडद्याच्या कोपऱ्यात इवलासा भोंगा दिसायचा, त्यावर फुली यायची, जायची. मदतीला हाक मारावी आणि ऐकणाऱ्याने तोंड मिटून घ्यावं, तसं झालं माझं.

पिशवी मोकळी झाल्याशिवाय चिठ्ठी छापत नाही, आणि चिठ्ठीशिवाय पिशवी दाराबाहेर जात नाही. अंदाजाने काही दाबावं, तर मागे एकाकडून चांगली पिशवी ‘रद्द’ झाली होती, ती टाकूनच द्यावी लागली. मोठ्या बाई ऑपरेशनच्या खोलीत. त्यांचा फोन बाहेर कपाटात.

फ्रीजवाले काका चष्मा वर करून वाकले. “मेलंय ते बटण. टाचणीने उपटून बघू, खाली कचरा असेल.”

“काका, मोडलं तर?”

“मेलेलं आणखी काय मोडणार?”

टाचणीचं टोक माझ्या कडेखाली शिरलं. मला ओरडायचं होतं, मी जिवंत आहे. पण बटणाला बोटाशिवाय भाषा नसते.

“थांबा,” चिमणी म्हणाली. तिने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता. पलीकडे संगणक दुरुस्त करणारा दादा. “दादा, मदतीचं बटण चालत नाहीये. संगणक बंद करून चालू करू का?”

“तो चालू व्हायला किती वेळ घेतो माहितेय ना? आधी सांग, दाबल्यावर काहीच होत नाही, की वेगळं काही होतं?”

 चिमणीचं लक्ष इतका वेळ पडद्याच्या मधोमध होतं, जिथे खिडकी उघडते तिथे. आता तिने पूर्ण पडदा नजरेखाली घातला आणि मला अगदी हळू दाबलं.

“कोपऱ्यात भोंग्यावर फुली येतेय, दादा.”

“मग बटण धडधाकट आहे. एस्केपजवळ बारीक दिवा लागलाय?”

“लागलाय.”

“कीबोर्ड पुसलास? यंत्र चालू असताना?”

“रोज पुसते. घरी बाळ आहे ना.”

“आज पुसताना एफएन आणि एस्केप एकदम दाबले गेले असतील. त्याने वरच्या ओळीची कामं उलटी होतात, नुसतं दाबलं तरी एफएनबरोबरचं काम होतं. तेच दोन पुन्हा एकदम दाब.”

सिस्टरने घड्याळ पाहिलं नाही, नुसती पेटीची कडी वाजवत राहिली. चिमणीने एक बोट एफएनवर ठेवलं, दुसरं एस्केपवर. तिने दाबलं. दिवा विझला. मग ती माझ्याकडे आली.

‘घाबरू नका,’ पडद्यावर आलं. ‘पेशंट घरी गेला असेल तर आधी पिशवीचा नंबर टाका.’

ती ओठ हलवत एकेक ओळ वाचत गेली, सांगितलं तेवढंच करत गेली. चिठ्ठी छापली. काकांनी पिशवी पेटीत ठेवली आणि सिस्टर पळाली.

 काका टाचणी खिशात लपवत म्हणाले, “मला वाटलंच होतं.”

“काय वाटलं होतं, काका?”

“हेच. काहीतरी असणार.”

वॉर्डातून फोन आला तेव्हा चिमणीने नेहमीसारखं ‘हॅलो’च्या आधीच विचारलं, “मुलगी बरी ना?” पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. ती हसली मात्र, आणि तिचं बोट माझ्यावर येऊन टेकलं. दाबलं नाही, नुसतं टेकलं.

आता माझ्या अंगावरचं एफ पुसून गेलंय, भोंगाही फिका झालाय. टाचणीचा ओरखडा तेवढा ठळक आहे. चिमणी अजूनही पुसते, पण आधी यंत्र बंद करून.

वाचकहो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्याही घरात, कामावर कोणी असं अचानक गप्प होईल, भलतंच वागायला लागेल. ‘गेलं कामातून’ म्हणत टाचणी उचलण्याआधी एकदा हळू दाबा, आणि कोपऱ्यात काय होतंय ते बघा.