लाल पेन्सिलीचं मत

मत माझं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मधे तोंड घालायला नको.

मी पुस्तकं बांधते. शाळा आठवीत सुटली. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी हातात दाभण दिलं आणि म्हणाले, "शीव. वाचत वाचत शिवलंस तरी चालेल, फक्त बोटं सांभाळ." वीस वर्षं झाली, मी वाचत वाचतच शिवते. सासरे जाऊन तीन वर्षं झाली. सासूबाई अजून चिकटवायची खळ शिजवतात आणि माझी खळ कशी बिघडते ते रोज ऐकवतात.

वाचनालयाची फाटकी पुस्तकं माझ्याकडे येतात. तिथल्याच मागच्या खोलीत आम्ही चौघं दर रविवारी चारला जमतो. मी, नर्सबाई, घड्याळं दुरुस्त करणारे काका आणि मास्तर. मास्तर शाळेत भाषा शिकवतात आणि वर्तमानपत्रात पुस्तकांवर सदर लिहितात, म्हणून पंख्याखालची खुर्ची त्यांची. आमची पद्धत अशी की एकच प्रत चौघांत फिरवायची आणि आपलं मत समासात पेन्सिलीने लिहायचं. माझी पेन्सिल लाल, कारण पुठ्ठ्यावर मापं घ्यायला माझ्याकडे लालच असते. नर्सबाईंची निळी, काकांची काळी, मास्तरांची हिरवी. पुस्तक माझ्याच हाताखालून येतं, म्हणून पहिली मी. मास्तर शेवटी, कारण त्यांना म्हणे सगळ्यांचं ऐकून घ्यायला आवडतं. आवडणारच की!

तर या खेपेला एक जुनी कादंबरी आली. खालची कड ओलीने कुजलेली, शिवण सुटलेली, फर्मे सगळे मोकळे. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. अशा घड्या एकीवर एक शिवत गेलं की पुस्तक होतं. पानांचे आकडे त्या कुजक्या कडेलाच होते. कड कापायच्या आधी प्रत्येक फर्म्यावर पेन्सिलीने आकडा टाकून ठेवायचा, हे सासऱ्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. मी टाकला नाही. सरळ कड कापली, फर्मे फळीवर रचले आणि नेहमीसारखी वाचत वाचत शिवायला बसले.

कादंबरी एका सुताराच्या घरची. मधल्या एका फर्म्यात तो सुतार, म्हणजे मुलीचा बाप, मरतो. चांगला सोळा पानं मरतो. पुढचा फर्मा उघडला तर मुलीचं लग्न, आणि हा बाप तिथे खुर्च्या लावतोय, कोणाच्या तरी अंगावर ओरडतोय, पाणी मागतोय. माझा दोरा हातातच राहिला. सासरे गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मला ते कटिंग मशीनपाशी दिसत होते. रडताना वगैरे नाही, पुठ्ठा सरळ लावताना. हे मी कोणाला बोलले नव्हते, कारण बोलायचं कसं तेच कळत नव्हतं. आणि इथे कोणीतरी ते लिहून ठेवलं होतं!

मी समासात लिहिलं, "मेलेला बाप लग्नात खुर्च्या लावतोय. सगळ्यांना माहीत आहे तो गेला, फक्त त्यालाच माहीत नाही. खरं आहे. गेलेलं माणूस कामाला लागलेलंच आठवतं." मग ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या खळ ढवळायच्या थांबल्या, एवढंच. खालून लागली ती खळ.

पुस्तक नर्सबाईंकडे गेलं, काकांकडे गेलं, मास्तरांकडे गेलं. महिन्याने रविवारच्या पुरवणीत मास्तरांचं सदर आलं. मी पुठ्ठ्याला कागद लावता लावता मोठ्याने वाचत होते. तिसऱ्या परिच्छेदात सासूबाई म्हणाल्या, "हे तर तुझं बोलणं."

माझंच होतं. "गेलेलं माणूस कामाला लागलेलंच आठवतं." त्याआधीचं लग्नातल्या खुर्च्यांचंही, शब्दाला शब्द. फक्त 'बाप' काढून 'पिता' घातला होता. खाली मास्तरांचा फोटो, हनुवटीखाली हात. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सासरे माझे, मशीन माझं, तीन वर्षं घशात अडकलेलं वाक्य माझं, आणि हनुवटीखाली हात यांचा!

त्याच दिवशी चारला मी पेपर टेबलावर आपटला. "मास्तर, हे माझं आहे."

"अहो बाई," मास्तर हसले, "मंडळात बसल्यावर मत कोणा एकाचं राहतं का? विचार हवेतून येतात."

"हवेतून नाही, समासातून आलेत. लाल पेन्सिलीतून."

"तुम्हाला आनंद व्हायला हवा. हजारो लोकांपर्यंत पोचलं."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी स्वतःचं घड्याळ कानाला लावलं. नर्सबाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. दोघांनीही माझं लाल वाक्य वाचलेलं होतं. नर्सबाईंनी तर खाली निळ्याने लिहिलं होतं, "अगदी." आणि आता दोघं मूग गिळून बसले! मास्तरांच्यापेक्षा त्या दोघांचा राग मला जास्त आला. घरी येऊन मी तीन वह्या तिरक्या शिवल्या.

पुढच्या गुरुवारी मास्तर दुकानात आले, चपला न काढता. वर्तमानपत्राकडे आलेली पत्रं त्यांनी माझ्या फळीवर टाकली. तीन पत्रं, तिन्हींत एकच प्रश्न. परीक्षकांनी वाचलं तरी कुठलं पुस्तक? कादंबरीत लग्न आधी आहे. मग घर विकतात. मग बाप मरतो. मेलेला बाप लग्नाला येतोच कुठून?

"काय करून ठेवलंत हे?" मास्तर ओरडले. "माझं नाव मातीत घातलंत!"

ते गेल्यावर मी वाचनालयातून पुस्तक आणलं आणि ते तीन फर्मे पुन्हा वाचले. पत्रवाल्यांचं बरोबर होतं. मृत्यूचा फर्मा मी लग्नाच्या आधी शिवला होता. तिन्ही फर्मे नेमके नव्या प्रकरणाने सुरू होत होते. एखादं वाक्य जरी मधे तुटलं असतं तरी मला कळलं असतं. लेखकाने तसं काही लिहिलंच नव्हतं. माझ्या हातून झालं होतं ते. कान गरम झाले माझे. वीस वर्षांत अशी चूक नाही.

"चुकलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"चुकले."

"मग चुकले म्हण. पण बाकीचंही म्हण. तिथे जाऊन रडत बसू नकोस."

मी कशाला रडते!

रविवारी मास्तरांनी घडी केलेला कागद काढला. "उद्या खुलासा छापायला देतोय. तुम्हा सर्वांसमोर वाचतो." आणि खणखणीत आवाजात वाचलं, "एका बाइंडरबाईंच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे आमची दिशाभूल झाली. पुस्तक चुकीच्या क्रमाने बांधले गेल्याने सदर मत..."

"थांबा," मी म्हटलं. "बाइंडरबाई कोण?"

"म्हणजे काय? तुम्हीच."

"अरे वा! मत छापलं तेव्हा मी हवा होते. चूक निघाली तशी मी बाई झाले?"

काकांनी घड्याळाकडे हात नेला. "काका, ते घड्याळ राहू द्या खाली," मी म्हटलं. त्यांनी राहू दिलं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "आकडे न टाकता कड कापली. गाढवपणा केला. छापा, माझ्या दुकानाच्या नावासकट छापा. पण त्याच्या वरच्या ओळीत लिहा की मतही तिचंच होतं. दोन्ही द्या मला. नुसती चूक मी घेणार नाही."

"आणि मग माझं काय राहिलं?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

मी पुस्तक उघडलं आणि त्यांचं काय आहे ते शोधायला लागले. लाल रेघा दिसल्या, निळ्या दिसल्या, काकांच्या काळ्या, बारीक. हिरवी दिसेना. मी पुन्हा पहिल्या पानापासून उलटलं. दोनशे चाळीस पानं. हिरवी रेघ एकही नव्हती.

"मास्तर, तुम्ही हे वाचलंय का हो?"

"काहीतरी काय विचारता! परीक्षण लिहिलंय मी यावर."

"ते माहीत आहे. वाचलंय का?"

"तुम्ही कोण मला विचारणाऱ्या?" त्यांचा चेहरा लाल झाला. "आठवी शिकलेल्या बाईने मला..."

"बांधणारी," मी म्हटलं. पिशवीतून सुरी काढली आणि सगळ्यांसमोर पाठीवरची शिवण कापली. माझीच शिवण, चांगली घट्ट होती. जीव तुटला, पण कापली. मधले तीन फर्मे काढले, पत्ते पिसतात तसे खालीवर केले आणि मास्तरांच्या पुढ्यात ठेवले. "लग्न, घर विकणं, मरण. क्रम तर पत्रांनी तुम्हाला सांगितलाच आहे. लावा. कुठल्यात काय आहे एवढंच ओळखायचंय. पुस्तक वाचलेल्या माणसाला पानभर पुरे."

"हा पोरखेळ आहे," मास्तर म्हणाले आणि नर्सबाईंकडे पाहिलं.

नर्सबाईंनी पर्स मिटून खाली ठेवली. "लावा ना मास्तर," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझंच होतं गं ते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"हवंच होतं," मी म्हटलं. राग गेला नव्हता माझा, खोटं कशाला बोलू.

मास्तरांनी पहिला फर्मा उचलला. वरच्या ओळीवर त्यांची नजर गेलीच नाही. त्यांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं, तिसरं उलटलं, आणि प्रत्येक वेळी खालच्या कडेला अंगठा सरकवून पाहिलं. ते आकडे शोधत होते.

आकडे मी कापले होते.