केसरबाईचं घड्याळ अन् जिनातला भोंगा

अमडापुरात केसरबाईच्या घड्याळाचा मोठा तोरा. कापसाच्या जिनिंगचा सकाळचा भोंगा झाला की ती स्टुलावर चढायची, काटा भोंग्याशी जुळवायची अन् साऱ्या गल्लीला वेळ सांगायची. भोंगा वाजवणारा पंजाबराव कामावर जाताना रोज तिच्या उघड्या दारात थांबून "राम राम, काकू" म्हणे. एवढ्या गावात हा मान आपलाच, असं ती सून कोकिळेला उठता-बसता ऐकवी.

एका रात्री धामणगाव बढ्याहून निरोप आला. लेक शालू बाळंतपणात अडली होती, माय पाहिजे म्हणून धोसरा घेऊन बसली होती. एस्टी सकाळी, भोंग्याच्याच वेळेला.

"आत्याबाई, निघा ना आता," कोकिळा सकाळी म्हणाली.

"काऊन घाई करून राह्यली वो? माह्या घड्याळापरीस तुले जास्त समजते?"

गाठोडं घेऊन ती फाट्यावर पोचली, तर नुसती धूळ उडत होती.

"गेली ना एस्टी," हॉटेलवाला वामनराव म्हणाला. "रेडिओच्या बातम्या लागल्या अन् निघाली."

"मुडदा बशिवला तुह्या रेडिओचा! अजून भोंगा नाही झाला."

तेवढ्यात भोंगा झाला. केसरबाई तशीच तणतणत जिनाच्या फाटकावर गेली.

"भोंगा उशिरा काऊन देतं बे?"

पंजाबराव गांगरला. "जिनातलं घड्याळ दिवाळीपासून बंद हाय, काकू. मी तं तुमचं पाहून माह्यं खिशातलं लावतो. म्हणून तं रोज दारात थांबतो."

"अन् मी तुह्या भोंग्यावर..." एकमेकांच्या भरवशावर दोघंही रोज जरा जरा मागं पडत गेले होते.

दुपारच्या एस्टीनं धामणगावला पोचेतो दिवे लागले. माणसं मसणातून परतत होती.

"सकाळच्या एस्टीनं माय येईन म्हणे," विहीण रडत म्हणाली. "दुपारलोक दाराकडंच डोये लावून होती. लेकरूही तिच्यासंगच गेलं."

जिच्या जिभेपुढं गाव टिकत नसे, ती केसरबाई गाठोडं घेऊन उंबरठ्यावरच बसली.

तेरवी आटोपून ती घरी आली. दुसऱ्या सकाळी दाराशी पावलं थांबली, राम राम आला नाही, पावलं निघून गेली. मग भोंगा झाला. कोकिळा सवयीनं स्टुलावर चढली, काट्याला हात लावला अन् वळून पाहू लागली.

केसरबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"लाव," ती म्हणाली. "कशावरही लाव."