चिमणीचा चावा

चिमणी चावली आणि ताईंनी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. झालं, मिटला विषय, असं त्यांना वाटलं. विषय असे बाहीखाली मिटत असते तर काय हवं होतं!

चिमणी ही त्यांच्या वर्गातली सात वर्षांची पोर. बोलता येत नसे. गोंगाट झाला की घाबरायची आणि घाबरली की हाताशी येईल त्यात दात रोवायची. विशेष मुलांच्या त्या शाळेत यात कुणाला नवल नव्हतं. पण मोठ्या सरांनी नुकतंच तिच्या आईला बजावलं होतं, की पुन्हा कुणाला चावली तर नाव काढावं लागेल. आई कारखान्यात शिलाईकाम करायची. पोर घरी बसली तर तिला नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं. म्हणून ताईंनी तोंडाला कुलूप लावलं.

खरं तर चावा इतका लागायलाच नको होता. मूल चावलं की हात मागे ओढायचा नाही, उलट त्याच्या तोंडाकडेच हलकेच दाबायचा, म्हणजे दात सुटतात. शाळेत नव्या आलेल्या प्रत्येकीला हे ताईच शिकवत. आणि स्वतःवर आली तेव्हा? दिला हिसडा! कातडी फाटली, रक्त आलं.

मधल्या सुट्टीत नर्सबाईंना बाहीवरचा डाग दिसला. बाई वयाने मोठ्या, जिभेने तिखट. ताईंना धरून त्यांनी नळाखाली उभं केलं आणि साबणाने जखम धुता धुता चांगलं फैलावर घेतलं. ताई चिमणीची बाजू लावून धरत होत्या. पोर निरोगी आहे, मला काही होणार नाही, उगाच गाजावाजा नको.

"तुझं ठेव बाजूला," नर्सबाई म्हणाल्या. "तुझं रक्त तिच्या तोंडात गेलं, त्याचं काय?"

हे ताईंच्या डोक्यातही आलं नव्हतं. रक्तातून पसरणारे काही आजार वर्षानुवर्षं अंगात गुपचूप राहतात, माणसाला पत्ताही लागत नाही, हे त्यांनी ऐकलेलं होतं. पण ते नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात असतात, अशी त्यांची समजूत. स्वतःचं रक्त त्यांनी कधी तपासलंच नव्हतं. मागच्या वर्षी शाळेत सगळ्यांना रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस दिली, तेव्हा या बाईसाहेब सामानाच्या खोलीत ठोकळे आवरत बसल्या होत्या. इंजेक्शन म्हटलं की त्या पळ काढायच्या. आता त्या भित्रेपणाची त्यांना मनापासून लाज वाटली.

त्या तडक मोठ्या सरांकडे गेल्या. चिमणीच्या आईलाही बोलावून घेतलं. ती आली ती मान खाली घालूनच, नाव काढल्याचं ऐकायच्या तयारीने. ताईंनी बाही वर केली आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"चूक माझी आहे, सर. हात ओढायचा नाही हे मला शिकवलंय, तिला नाही. तिचं नाव काढू नका. आणि आधी माझं रक्त तपासा."

सर म्हणाले, पोर शाळेतच राहील. पण लस घेतल्याशिवाय यापुढे कुणीही वर्गात पाऊल टाकायचं नाही, आणि चावा लपवायचा नाही.

त्याच दुपारी ताईंनी डोळे घट्ट मिटून रक्त दिलं, लसही टोचून घेतली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. स्वतःची काळजी होतीच, पण राहून राहून ते इवलंसं तोंड आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी अहवाल हातात दिला. रक्तात काहीही निघालं नव्हतं. ताईंनी लगेच चिमणीच्या आईला फोन लावला आणि सांगितलं, की काळजीचं कारण नाही, माझ्यापासून तुमच्या लेकीला काही होणार नाही.

पलीकडून फक्त शिलाई मशीनची घरघर ऐकू येत राहिली. ताईंना वाटलं, बाई रागावली असेल, रागवायचा तिला हक्कच आहे.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "हिच्यापासून दुसऱ्यांना काही होईल म्हणून तीन शाळांनी हिला काढलं. दुसऱ्यांपासून हिला काही होईल याची काळजी आजवर कुणी केली नव्हती हो."