सीफाबाबा

बार्शीकडची छोटी गाडी बंद पडून जमाना लोटला. रूळ उचलले गेले आणि गेल्या साली त्या भरावावर साहेब लोकांनी फिरायचा रस्ता केला. लाल फरशा, बाकडी, फोटो काढायला प्लास्टिकचं इंजिन! दोन्ही अंगांनी छातीएवढं लोखंडी कुंपण. अलीकडं बाळाबाईची वस्ती, पलीकडं ओढ्याचं पाणी. जुन्या फाटकातून घटकेत पाण्यावर जाणाऱ्या तिच्या शेळ्या आता कोसभर वळसा घालून, जिभा बाहेर काढत पोचायच्या. एक गाभण शेळी उन्हात वाटेतच बसली, ती उठलीच नाही.

बाळाबाई त्या रस्तेवाल्या साहेबांच्या ऑफिसात गेली. म्हणाली, फाटकापुरती वाट सोडा. साहेबानं नाकाला रुमाल लावला. "आजी, जनावरं आली की घाण होते." घाण! सकाळी फिरायला येणारे गुटख्याच्या पुड्या नि बाटल्या तिथंच टाकून जायचे, त्याचा वास ह्याच्या नाकाला कधी आला नाही.

त्याच संध्याकाळी तिनं शेळ्यांच्या पाठीवर खुणेचा लाल रंग लावला, दुसऱ्याच्या कळपात मिसळू नयेत म्हणून. माखलेला हात कुंपणाच्या गजांतून घालून फाटकाजवळच्या दगडाला पुसला. तो रेल्वेचा दगड. फाटक आलं, शिट्टी मार, असं ड्रायव्हरला सांगायला त्यावर 'सी/फा' कोरलेलं. सीटी, फाटक. तिचा नवरा त्याच फाटकावर नोकरीला होता, म्हणून तिला ठाऊक.

सकाळी तिथं नारळ फुटलेला. आठवड्याभरात दगडाला चांदीचे डोळे आले, नाव पडलं सीफाबाबा. वस्त्यांवरच्या भक्तांना वळसा पडतो म्हणून त्याच साहेबानं जातीनं उभं राहून फाटकाजागचं कुंपण दोन्हीकडून कापून घेतलं. आता त्याच्या नाकाला रुमाल नव्हता. हात जोडलेले होते.

बाळाबाईला शिसारी आली. शेळी मेली तेव्हा न हललेलं लोखंड तिच्या हाताच्या मळापुढं वाकलं होतं! तरी वाट तर झाली, म्हणून ती कळप घेऊन आली. तर गावातलाच जोतिराम, पहारेकऱ्याचा गणवेश घालून, आडवा.

"काकू, जनावरं न्हाय. देवाची वाट हाय ही."

"आरं जोत्या, कसला देव? शेळ्यांचा रंग हाय त्यो. म्या हात पुसला हितं."

"असं बोलू नगा. जीभ झडंल की!"

मागं शेळ्या तहानेनं ओरडत होत्या. देवाचं नाव घेऊन बाळाबाई जन्मात कधी खोटं बोलली नव्हती.

"देवाला सोडल्यात ह्या," ती म्हणाली. "सीफाबाबाला."

जोतिराम झटकन बाजूला झाला. त्यानं वहाणा काढल्या, पुढच्या शेळीच्या पाठीवरल्या लाल रंगाला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली.

शेळ्या ओढ्यावर तुटून पडल्या. बाळाबाईनं ओंजळ भरली, चूळ भरून थुंकली. पुन्हा भरली, पुन्हा थुंकली. शेळ्या पिऊन बाहेर आल्या, तरी ती थुंकतच होती.