पाहुण्याला दार उघडं

दुसरी थप्पड बसली तेव्हा मावशींचा ओठ फाटला. पहिलीला त्या नुसत्या हेलपाटल्या होत्या.

"बोल, किती घेतलंस त्याच्याकडून?" मारणारा विचारत होता. "माझ्या बहिणीचा पत्ता त्या हरामखोराला कुणी दिला?"

फौजदार दारात पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते. आपण बघितलं नाही म्हणजे घडलं नाही, हा त्यांचा जुना खाक्या. कोपऱ्यात कॉम्प्युटरसमोर गाठोड्या नावाचा एकजण बसला होता, त्याने मान वर केली आणि पुन्हा पडद्यात घातली. पडद्यावर काय लिहिलंय ते त्या खोलीत फक्त त्यालाच कळत होतं.

कचेरी त्याच्या ताईची. नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायकांना ती आसरा द्यायची. बायका इथे राहत नसत, गावभर विखुरलेल्या भाड्याच्या खोल्यांत राहत. कोण कुठल्या खोलीत, हे दोघींनाच ठाऊक. एक ताई, आणि दुसऱ्या दारावर बसणाऱ्या या मावशी, कारण औषधं-कपडे पोचवायला त्याच जात. आणि तरीही काल सकाळी एकीचा नवरा हातोडा घेऊन नेमका तिच्या दाराशी पोचला. कडी उपटून आत शिरला आणि बाईच्या डोक्यात त्याने तीन घाव घातले. ताई तिथेच होती, ती मध्ये पडली. चौथा घाव तिच्या दंडावर आला आणि हाड काडीसारखं मोडलं. शेजाऱ्यांनी त्याला धरला, यथेच्छ तुडवला आणि पोलिसांच्या ताब्यात दिला. पत्ता कुठून मिळाला, ते तो काही केल्या सांगेना. रक्ताळलेल्या तोंडाने नुसता हसत होता म्हणे.

बाई इस्पितळात बेशुद्ध पडली होती. ताई प्लास्टरमधला हात घेऊन समोर खुर्चीत बसलेली, तिच्यावर कोण संशय घेणार? उरल्या मावशी. गरिबावर आळ घ्यायला कुणाला पुरावा लागतो?

गाठोड्या हे नाव ताईनेच पाडलेलं. दिवसा तो एका कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायचा. उरलेल्या वेळात एकवीस वर्षं तो एकच काम फुकट करत आला होता. एका कॉम्प्युटरमधल्या फायली आसपासच्या बाकीच्यांना बघता याव्यात, असा एक प्रोग्राम होता. मालक कुणीच नाही, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून तो लिहिलेला. ते आपले कच्चा माल टाकून मोकळे व्हायचे. तो पाखडायचा, निवडायचा, कमीजास्त बघायचा आणि अशी गाठ मारून द्यायची की कुणीही बटण दाबावं आणि सगळं चालू व्हावं, हे गाठोड्याचं काम. लोक त्याचं गाठोडं घेत, त्याला कुणी ओळखत नसे. एका मुलीला एकदा त्याने हे सगळं पाऊण तास समजावून सांगितलं. ती परत भेटली नाही.

लिहिणाऱ्यांकडून प्रोग्राम यायचा तो दार लावून. पासवर्ड दिल्याशिवाय एक फाईल दिसायची नाही. पण लोकांना पासवर्डाचा कंटाळा. मग याला पत्रं यायची, चालत नाही. रोज दहा, रोज वीस. अकरा वर्षांपूर्वी वैतागून त्याने गाठोडं बांधताना एक ओळ पदरची घातली. अनोळखी कुणी आलं तर त्याला 'पाहुणा' समजावं आणि सगळं वाचू द्यावं. आठवड्यात तक्रारी बंद झाल्या. त्याला काय बरं वाटलं होतं तेव्हा. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा परक्या गावच्या बाईने त्याला लिहिलं, ही ओळ कुणाच्या तरी जिवावर बेतेल, काढून टाका. त्याने ते वाचलं, पुन्हा रोजची वीस पत्रं डोळ्यांपुढे आली, आणि ठरलेला शेरा मारून त्याने तक्रार मिटवली: बिघाड नाही.

आणि गेल्या वर्षी हेच गाठोडं त्याने ताईच्या कचेरीत स्वतःच्या हाताने बसवलं. पंधरा मिनिटांचं काम. ताईला केवढं कौतुक.

आता पडद्यावर प्रोग्रामची नोंदवही उघडी होती. गेला सोमवार, अकरा वाजून वीस मिनिटं. आलेला: पाहुणा. उघडलेली फाईल: ताईने ठेवलेली खोल्यांची यादी. त्या दिवशी तो नवरा समेटाची बोलणी करतो म्हणून आला होता आणि बाहेरच्या बाकावर ताटकळत बसला होता. वायफायचा पासवर्ड त्याच्या डोक्यावरच भिंतीला चिकटवलेला. त्याने फोन काढला, दार ढकलून बघितलं, दार उघडंच.

एक बटण दाबलं की ही नोंद पुसली जाणार होती. जगात कुणालाही समजलं नसतं. खोटं कशाला बोला, गाठोड्याने त्या बटणावर बोट ठेवलं.

मागे तिसरी थप्पड वाजली.

"मारा दादा," मावशी म्हणाल्या. फाटलेल्या ओठामुळे शब्द ओले येत होते. "पण माझ्या पोटच्या लेकीलासुद्धा त्या पोरींची नावं ठाऊक नाहीत. मी पत्ता दिला नाही."

गाठोड्याने बोट उचललं आणि तो उठून उभा राहिला.

"सोडा त्यांना. पत्ता माझ्यामुळे गेलाय."

भावाचा हात हवेतच राहिला. "तुझ्यामुळे म्हणजे?"

"हे कॉम्प्युटरचं मी बसवलंय. कुणीही यावं आणि वाचावं, असं मीच करून ठेवलं होतं. तो बाकावर बसून फोनवर यादी वाचून गेला. ही बघा वेळ."

ताई खुर्चीतून त्याच्याकडे बघत होती. "तू म्हणाला होतास, ताई, तुला काही बघायला नको, मी सगळं लावून दिलंय."

"हो."

"तुला माहीत होतं हे उघडं राहतं?"

विसरलो असं म्हणता आलं असतं. ताईने पदरात घेतलंही असतं.

"माहीत होतं. एकीनं मला बजावलंही होतं. मी ऐकलं नाही."

तेवढ्यात फौजदारांनी फोन खिशात टाकला आणि प्रथमच आत वळून बघितलं. "इस्पितळातून निरोप आहे," ते भावाला म्हणाले. "बाई गेली."

मग भावाने गाठोड्याच्या तोंडावर बुक्की मारली. तो टेबलावर आपटला, तिथून जमिनीवर. भावाने त्याला बरगड्यांत लाथा घातल्या, केस धरून डोकं फरशीवर आपटलं. मारता मारता तो मोठ्याने रडत होता. गाठोड्याने एकदाही हात आडवा घातला नाही. शेवटी फौजदार आणि मावशी दोघांनी मिळून भावाला मागे ओढलं. ज्याने ओठ फाडला त्याचाच दंड धरून मावशी म्हणत होत्या, "पुरे, दादा, पुरे. ह्याला मारून ती उठणार नाही."

ताई मात्र जागची उठली नाही. लाथांपेक्षा ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, एक डोळा मिटलेला आणि छाती पट्ट्यांनी आवळलेली, अशा अवस्थेत तो घरी कॉम्प्युटरसमोर बसला. ती ओळ काढायला त्याला पुरतं मिनिटही लागलं नाही. प्रत्येक नव्या गाठोड्यासोबत काय बदललं आणि का, ते लिहून खाली सही करायची असते. एकवीस वर्षं त्याने कोरड्या चार शब्दांत ते उरकलं होतं. या वेळी त्याने लिहिलं: 'पाहुण्याला दार बंद केलं. अकरा वर्षं ते मी उघडं ठेवलं होतं. त्यापायी एक बाई मारली गेली. चूक माझी आहे.' सही केली आणि गाठोडं सोडून दिलं.

संध्याकाळपासूनच पत्रं सुरू झाली. नवीन चालत नाही. पूर्वी छान चालत होतं, तसंच करा. सहीच्या वर काय लिहिलंय ते कुणी वाचलं असावं असं वाटलं नाही. त्याने एकेकाला उत्तर लिहिलं, पासवर्ड ठेवा, आणि खाली तोच जुना शेरा मारला: बिघाड नाही.

नवव्या दिवशी तो कचेरीत गेला. इतकी वर्षं तो मावशींना नुसती मान हलवून थेट आत जायचा. या वेळी दाराला आतून कडी होती, बाहेर मावशी, ओठाला टाके, मांडीवर कोरी करकरीत वही.

"नाव?" मावशींनी विचारलं.

"मावशी, मी."

"नाव लिहा. कुणाकडे, काय काम, तेही लिहा."

त्याने लिहिलं. मावशींनी एकेक अक्षर वाचलं आणि दार ठोठावलं. आतून कडी निघाली, त्या आत गेल्या, कडी पुन्हा लागली. बाक तिथेच होता. तो बसला नाही.

बऱ्याच वेळाने मावशी बाहेर आल्या.

"ताई म्हणाल्या, आज नको."

त्याने मान डोलावली. "उद्या येऊ?"

"या," मावशी म्हणाल्या. "उद्या परत विचारीन."

त्याने वहीत आपल्या नावापुढे जाण्याची वेळ लिहिली आणि पेन त्यांच्या हातात दिलं.