काचेतला पंप

"घरचं कपाट मी वर्षातून एकदा पुसते, आणि ह्या मेल्याला दिवसातून तीनदा."

मित्रांनो, हे पुटपुटणं झाडलोट करणाऱ्या ताईंचं, आणि तो मेला म्हणजे मी. मी एक जुना पंप आहे, सायकलच्या चाकात हवा भरायचा. आता मात्र काचेच्या पेटीत मखमलीवर उभा असतो आणि माझ्यासमोर चारशे माणसं डोळे मिटून बसतात. मला त्यांचा राग येतो. आपली कहाणी सांगताना नम्रपणे बोलावं म्हणतात. ते मला जमायचं नाही.

माझी नळी एका कारखान्यात घडली. पोटात चामड्याची गोल चकती बसवली. तिला तेल मिळालं आणि ती रोज वरखाली झाली, तरच मी पंप. नाहीतर नुसता लोखंडी दांडा. एका फाटकासमोर पत्र्याच्या टपरीत सायकली दुरुस्त करणारा मिस्त्री होता, त्याने मला विकत घेतलं. हवा भरताना त्याचे स्वतःचेच गाल फुगायचे, म्हणून सगळे त्याला फुगामिस्त्री म्हणत.

माणूस विक्षिप्तच. हवा अडते म्हणून टपरीला दार लावायचा नाही. पंक्चर सापडलं की त्या भोकाला वाकून नमस्कार करायचा. आत काय होतं ते ह्यानेच कळवलं, म्हणायचा. एकदा भर दुपारी ट्रकचं टायर त्याच्या कानाशी फुटलं. दोन दिवस त्याला काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, चाकातली हवा आणि छातीतली हवा एकच, तिला मालक नाही, मग मी ती विकतो कशी? त्या दिवसापासून हवा फुकट. बायकोने कपाळावर हात मारला आणि शिलाईची कामं घेतली.

झाला नवा धर्म सुरू. नियम एकच: रोज एका अनोळखी माणसाच्या चाकात हवा भरायची, नाव विचारायचं नाही. पोस्टमन आला, नर्सबाई आल्या, शाळेतले कवायतीचे मास्तर आले. संध्याकाळी चौकाचौकांत माणसं पंप घेऊन उभी राहू लागली. लोक आधी हसले, मग हवा भरून घेऊ लागले, आणि त्यांतलेच काही पुढे स्वतःचा पंप घेऊन आले. मित्रांनो, ती माझी खरी वर्षं. किती हातांच्या घामाने माझी मूठ गुळगुळीत झाली होती!

पुढे मास्तरांनी शिस्त आणली. पंप कुठल्या हाताने धरायचा, श्वास कधी सोडायचा, सगळं शिट्टीवर. सभागृह उभं राहिलं. खरा पंप जड पडतो म्हणून गळ्यात घालायला बोटाएवढे चांदीचे पंप निघाले. त्यातून फुंकरसुद्धा निघत नाही.

शेवटच्या आजारपणात मिस्त्रीने तिघांना टपरीत बोलावलं होतं: बायकोला, मास्तरांना आणि नर्सबाईंना. त्या दिवसाचा विषय निघाला की नर्सबाई पदर सारखा करतात. मास्तर सांगतात, गुरूंनी मौनातून आशीर्वाद दिला. मौन कसलं? मी तिथेच कोपऱ्यात उभा होतो. पण पंपाला विचारतो कोण? मिस्त्री गेला, आणि बारा वर्षांपूर्वी मी पेटीत गेलो.

आज पंथाचा वाढदिवस. सभागृह भरलेलं, आणि नेमकं ताईंच्या सायकलचं मागचं चाक बसलं. अर्ध्या तासात त्यांना इस्पितळाच्या धुलाईघरात कामावर पोचायचं होतं. दोनदा उशीर झाला होता. आता झाला तर येऊच नकोस, असं तिथल्या मुकादमाने बजावलं होतं. त्यांनी दारातून विचारलं, कुणाकडे पंप आहे का? चारशे गळ्यांत चारशे पंप, पण कुणी हललं नाही. काहींनी डोळे आणखी घट्ट मिटले. ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मास्तर समजुतीने म्हणाले, "अहो ताई, तो आता पंप राहिलेला नाही."

गंजानेही माझा एवढा अपमान केला नव्हता. मित्रांनो, वस्तू जपायची असेल तर तिला कामाला लावा. पुसत बसू नका, तेल द्या. चामडं कामाने मऊ राहतं, मखमलीवर वाळतं. मला हात जोडू नका. मला दाबा.

पहिल्या रांगेतून मिस्त्रीची बायको गुडघ्यांवर हात ठेवून उठली. पेटीला कुलूप नव्हतं. कुणी हात लावील असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. तिने मला बाहेर काढलं, तेव्हा मी कोरडा खोकलो. ताईंनी धावत जाऊन बिजागऱ्यांना घालायचं तेल आणलं. ते पोटात गेलं तेव्हा कुठे मी शुद्धीवर आलो.

पायऱ्यांखाली, भर रस्त्यात, म्हातारी हवा भरू लागली. आमची दोघांचीही हाडं वाजत होती. चाक इंचभर वर आलं. डोळे उघडलेली माणसं पायऱ्यांवर जमली. मास्तर तिच्याजवळ वाकून कुजबुजले, की वहिनी, लोक बघताहेत, पंथाचं काय होईल?

ती थांबली नाही. दर दाबाबरोबर एकेक वाक्य, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मास्तर, पंथ ह्यांनीच मोडला होता. पुरे झालं, म्हणाले. सभागृह बंद करा आणि पंप घेऊन घरी जा, म्हणाले. तुम्ही ऐकलंत. नर्सबाईंनी ऐकलं. मीही ऐकलं, आणि बारा वर्षं पहिल्या रांगेत गप्प बसले."